मैत्रीण म्हणून, दोन मिनिटं

मंगळवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी मिस्टर हिगिन्सच्या चष्म्याचा स्क्रू माझ्या चिमट्यातून निसटला आणि कुठे गेला ते कळलं नाही. तसा स्क्रू पडला की मी आधी हलत नाही. जागच्या जागी थांबून खाली बघते, कारण पाय हलला की तो कायमचा गेला. बावीस वर्षं सेंट लुइसच्या याच दुकानात मी चष्मे दुरुस्त करते आणि एवढी अक्कल मला आलेली आहे. पण त्या दिवशी मी चक्क दोन पावलं मागे गेले, कारण फोनवर मर्टिस आत्या होती आणि तिनं विचारलं होतं, "डोरे, आईची मैत्रीण कोण होती गं?" माझी आजी, आत्याची आई, रविवारी पहाटे गेली होती. चौऱ्याण्णव वर्षांची. शनिवारी आर्कान्सातल्या पाइन ब्लफला तिला पुरायचं होतं आणि कार्यक्रमपत्रिका चार वाजता छापायला जाणार होती. आमच्याकडे त्या पत्रिकेचा साचा ठरलेला असतो. गीत, शास्त्रवाचन, प्रार्थना, मग चार शब्द बोलणाऱ्यांची नावं. शेजारी म्हणून, चर्चचा सभासद म्हणून, मैत्रीण म्हणून. प्रत्येकापुढे कंसात ‘कृपया दोन मिनिटं’, कारण आमची माणसं एकदा उभी राहिली की बसत नाहीत. शेजारी म्हणून समोरचे मिस्टर गेन्स बोलणार होते. सभासद म्हणून बोलायला तर रांग लागली होती. तिसऱ्या ओळीपुढे मात्र नाव नव्हतं.

"तू तिच्या मागे मागे असायचीस," आत्या म्हणाली. "आठव. चारच्या आत सांग. नाहीतर प्रुइटबाई तयार आहेत. त्यांनी कालच फोन करून सांगितलं, मी बोलेन म्हणून."

मी म्हटलं, प्रुइटबाई अजून जिवंत आहेत? आत्या म्हणाली, एक्याण्णव वर्षांच्या आहेत, आवाज अजून खणखणीत आहे, काठीसुद्धा धरत नाहीत. मी म्हटलं, प्रुइटबाई नकोत. का नकोत, असं आत्यानं विचारलं नाही. चारला फोन कर, एवढंच म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिला शंभर कामं होती. आजोबा तिथल्या चर्चचे पाळक होते, त्यांच्या मागे पाळक झाले ते आत्याचे यजमान, त्यामुळे आजीची जागा, दुसऱ्या बाकावरची, डाव्या बाजूची, मधल्या वाटेलगतची, गेली तीस वर्षं आत्याची होती. पाळकाच्या बायकोला शोक करायला सवड नसते. कुणी कुठली भाजी आणली, कुणाची खीर कुठे ठेवली, ज्यांनी काही आणलं नाही त्यांना तसं वाटू नये, हे सगळं तिलाच बघावं लागतं.

मिस्टर हिगिन्स खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते, म्हणजे चष्मा नसल्यानं माझ्या दिशेनं बघत होते. मी त्यांना म्हटलं, जरा वेळ लागेल. ते म्हणाले, मला कुठे जायचंय. मी गुडघ्यांवर बसून फरशी हातानं चाचपायला लागले आणि मनात आजीच्या मैत्रिणी शोधायला लागले. सोपं वाटलं होतं. सहाव्या वर्षी आईनं मला आर्कान्सात आजीकडे पाठवलं, कारण इथं तिची दोन-दोन पाळ्यांची नोकरी होती आणि बाप नव्हता. बाराव्या वर्षापर्यंत मी पाळकाच्या घरात वाढले. त्या घराची घंटा दिवसभर वाजायची. बायका यायच्या, रडायच्या, लोणच्याच्या बरण्या ठेवून जायच्या, नवऱ्याचं सांगायच्या, मुलीचं सांगायच्या, आणि आजी ऐकायची. हजार बायकांचं तरी ऐकलं असेल तिनं. त्यांच्यातली कुठलीही उठून म्हणाली असती, पाळकीणबाई म्हणजे माझी जिवाभावाची. पण आजीनं कुणापाशी काही सांगितल्याचं मला आठवेना. एकदा मी विचारलं होतं, तू का नाही जात कुणाकडे बसायला? ती इस्त्री करत होती, प्रभुभोजनाच्या टेबलावरचं पांढरं कापड. म्हणाली, एकीकडे गेले की नव्वदजणींकडे जावं लागेल, आणि नव्वदजणींकडे जायला माझ्याकडे बूट नाहीत. मला ते विनोदी वाटलं होतं. चर्चच्या जेवणात बायका केक करून आणायच्या, पंधरा-वीस, आणि सगळ्यांचे डोळे आजीच्या ताटलीवर. ती प्रत्येक केकचा बोटभर तुकडा घ्यायची, अगदी एकसारखा, आणि सगळे खायची. खोबऱ्याचा तिला मुळीच आवडायचा नाही, तोही खायची. घरी आल्यावर सोडा पिऊन न्हाणीघरात उभी राहायची. चर्चच्या दारात हात मिळवायची तेही सगळ्यांशी सारखा वेळ. मी एकदा मोजलं होतं. धनाढ्य डीकनची, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याची, बायको असो नाहीतर चर्च झाडणारी लुला असो, तीन अंक होईपर्यंत हात हातात, मग पुढची.

स्क्रू सापडला नाही. मी उठले, डबीतून दुसरा काढला, तो मापाचा नव्हता, तिसरा काढला. खरं सांगायचं तर नाव मला पहिल्या क्षणीच आठवलं होतं. आत्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत. म्हणूनच तर पाय मागे गेला. ते नाव सोडून बाकी सगळीकडे मी शोधत होते, फरशीवर शोधत होते तसंच, जिथं नाही हे ठाऊक आहे तिथं हात फिरवत.

व्हर्लिन बतिस्त. चर्चला लागून असलेल्या पाळकाच्या घराच्या मागच्या कुंपणापलीकडे राहायची. लुइझियानाकडची, कॅथलिक, नवरा कधीतरी सोडून गेलेला, स्वयंपाकघरात केस करायची. आम्हा काळ्या बायकांचे केस सरळ करायचे म्हणजे लोखंडी फणी शेगडीवर तापवायची, तेल लावायचं, कान हातानं दुमडून धरायचा आणि श्वास रोखायचा. दर गुरुवारी तीन वाजता आजी केस करून घ्यायला तिच्याकडे जायची आणि मी बरोबर. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पाळकाच्या बायकोचे केस नीट असलेच पाहिजेत. केस करणारी आपल्या चर्चची नसली तर उलट बरं, आपल्यातल्या दोघी-तिघी केस करणाऱ्यांत भांडणं नकोत. केसांना तास लागायचा. आम्ही दोन तासांनी परत यायचो. दुसऱ्या तासाचं कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या तासात आजी बूट काढायची. हे मी आधी सांगायला हवं, कारण घरातसुद्धा मी तिला बुटांशिवाय पाहिलेलं नव्हतं. कधी घंटा वाजेल सांगता येत नाही. व्हर्लिनकडे ती मोज्यांनी फरशीवर पाय सोडून बसायची, पायाची बोटं हलवायची आणि म्हणायची, वाट पत्ते. व्हर्लिन पत्त्यांचा कॅट काढायची. टाँक खेळायच्या दोघी, रमीच्या जातीचा डाव आहे, पाच-पाच पानं. पैसे नव्हते, आगपेटीच्या काड्या होत्या. माझी आजी, जिच्या नवऱ्यानं पत्त्यांवर वर्षाला एक तरी प्रवचन दिलं असेल, ती पत्त्यांत चोर होती. राणी मांडीखाली सरकवायची. मी जमिनीवर बसलेली असायचे, मला दिसायचं. ती माझ्याकडे बघून डोळा मिचकवायची आणि मग इतकी हसायची की हेअरपिना सुटायच्या. व्हर्लिन म्हणायची, अगं नीट बस, आत्ताच केस केलेत तुझे. त्या हसण्याला आवाज होता. चर्चमध्ये ती ओठ मिटून हसायची. मला पत्ते पिसायला आजीनंच शिकवलं, माझ्या हातांवर हात ठेवून. कॅटचे दोन भाग करायचे, कोपरे अंगठ्यांनी वाकवायचे, फर्रकन एकमेकांत सोडायचे, मग सगळ्याची कमान करून हळूच मिटवायची. नऊ वर्षांच्या मुलीला ते येणं म्हणजे काय वाटतं हे कुणी मला विचारू नये. शाळेत कशातच माझा नंबर नव्हता. हे मला इतकं सुरेख यायचं की व्हर्लिन शेगडीवरून वळून बघत राहायची. आजी म्हणाली होती, हे आपल्या तिघींचं. मी शपथ घेतली होती, आणि ती मोडायचा माझा काडीचाही विचार नव्हता.

मी आपणहून तोंडातून शब्द काढला नाही. तशी बोलले असते तर निदान चुगलखोर म्हणून स्वतःला नाव ठेवता आलं असतं. ऑगस्टातला रविवार होता. चर्चमधल्या मुलांच्या वर्गात प्रुइटबाई आम्हाला दर आठवड्याला छोटी रंगीत कार्डं द्यायच्या. एका बाजूला चित्र, एका बाजूला वचन. मेंढपाळ, नोहाची नाव, सिंहांच्या गुहेतला दानीएल. त्या दिवशी नव्या महिन्याचा गठ्ठा आला होता आणि त्या म्हणाल्या, डोरा, जरा वाटतेस का सगळ्यांना. मी गठ्ठा हातात घेतला. कडक, गुळगुळीत, नवी कार्डं, बरोबर त्या आकाराची. माझ्या हातांनी त्यांचे दोन भाग केले, कोपरे वाकवले, फर्रकन सोडले, कमान केली, मिटवली, आणि मग मी डावीकडून सुरुवात करून एकेकाच्या पुढ्यात पालथं पान सरकवायला लागले. पाच मुलं झाली तेव्हा वर्ग एकदम शांत झाल्याचं माझ्या लक्षात आलं. मुलं खूश होती, एकानं पुन्हा कर म्हटलं. प्रुइटबाई उभ्या होत्या. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "छान करतेस गं. कुणी शिकवलं तुला हे?" त्या कौतुक करत होत्या. आमच्या वर्गात त्या कधी कुणाचं कौतुक करत नसत. मी म्हटलं, आजीनं, मागच्या व्हर्लिनकडे.

मिस्टर हिगिन्स म्हणाले, "बाई, तुमचा स्क्रूड्रायव्हर घसरतोय."

मी म्हटलं, तुम्हाला चष्म्याशिवाय बरं दिसतं. ते म्हणाले, आवाज येतोय, काचेवर. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. पावणेतीन झाले होते. मी त्यांना कॉफी दिली, पुढच्या एका बाईला तिच्या काचा तयार नाहीत म्हणून सांगितलं, त्या होत्या. घरी गेले असते तरी चाललं असतं, मालक काही म्हणाला नसता, पण घरी मी एकटी असते आणि तिथं बसून चार वाजण्याची वाट बघण्यापेक्षा मिस्टर हिगिन्स बरे होते.

आमच्या चर्चमध्ये पाळकाला सभासदच ठेवतात आणि सभासदच काढतात. हे ज्याला ठाऊक नाही त्याला आजीनं जे केलं ते का केलं हे कळणार नाही. घर चर्चचं, पलंग चर्चचे, मी जिच्यावर झोपायचे ती गादीसुद्धा. त्या आठवड्यात तीन संध्याकाळी डीकन लोक आमच्या बैठकीच्या खोलीत बसले. आजोबा त्यांच्या मधोमध, हात गुडघ्यांवर. ते वाईट नव्हते. तिच्यावर ओरडले नाहीत, मला काही म्हणाले नाहीत. फक्त त्या आठवड्यात म्हातारे झाले. रविवारी प्रवचन संपल्यावर आजी दुसऱ्या बाकावरून उठली. राखाडी टोपी, राखाडी हातमोजे. पुढे जाऊन लोकांकडे तोंड करून उभी राहिली. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या, उकाडा मरणाचा, हातपंखे चालले होते आणि ती बोलायला लागली तेव्हा ते सगळे थांबले. "पाळकाच्या बायकोनं जिथं जाऊ नये अशा एका घरी मी जात होते," ती म्हणाली. "पाळकाच्या बायकोनं करू नये ते मी तिथं केलं. माझ्यामुळे चर्चला खाली बघावं लागलं. मला क्षमा करा." आवाज मोठा होता, शेवटच्या बाकापर्यंत जाईल इतका, तसं बोलायची तिला सवय होती. मग एका डीकननं ठराव मांडला, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, आणि आमची रीत आहे त्याप्रमाणे ज्यांची क्षमा करायला संमती आहे त्यांना हात वर करायला सांगितलं. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. मला वाटलं, तिला मदत होईल. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला अजून सांगता येत नाही की त्या पाहण्यात काय होतं. राग असता तर मी ओळखला असता.

तिनं मला कधीच, एकदाही, चकार शब्दानं बोल लावला नाही. आज बावन्नाव्या वर्षी मी छातीवर हात ठेवून सांगते, तिनं एक थोबाडीत मारली असती तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. पुढच्या गुरुवारी तीन वाजता मी शाळेतून आले तर ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, टोपी घालून, पर्स मांडीवर. मी विचारलं, जायचं नाही? म्हणाली, आज नाही. तासभर ती तशीच बसली. मग टोपी काढून पेटीत ठेवली आणि कांदे चिरायला घेतले. असे तीन-चार गुरुवार गेले. पुढे ती केस घरीच करायला लागली, आरशात बघून, आणि डाव्या कानावर तिला चटका बसला तो डाग शेवटपर्यंत राहिला. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला मला पाठवायची. कुंपणापलीकडे व्हर्लिन दिसली की मी वाळत घातलेल्या चादरीमागे लपायचे, म्हणजे तिला माझे पाय तेवढे दिसत असणार.

आता एप्रिलात मी गेले होते तेव्हा आजी माणसं ओळखत नव्हती. पांघरुणावर तिची बोटं सारखी हलायची. नर्स म्हणाली, या वयात असं होतं, कापड चिवडतात. मी खुर्चीवर बसून पाहत होते. ती चिवडत नव्हती. डाव्या हातात काहीतरी धरलं होतं आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं एकेक पुढे सरकवत होती, एक तुला, एक मला, एक तुला, एक मला. पाच झाली की थांबायची आणि समोर बघायची. समोर मी होते. कोपऱ्यावरच्या दुकानात पत्त्यांचा कॅट दोन डॉलरला मिळतो. मी तीन दिवस होते तिथं. उठून गेले नाही. तिला आठवलं असतं तर, म्हणून घाबरले, आणि मग बसनं परत आले.

तीन वाजून वीस मिनिटांनी मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन व्हर्लिनचा नंबर फिरवला. मला तो पाठ होता. आजी गुरुवारी निघायच्या आधी मला फिरवायला लावायची, आम्ही येतोय म्हणून सांगायला, आणि चाळीसवर वर्षांत मी तो एकदाही फिरवलेला नव्हता. वाटलं होतं, लागणार नाही, लागला तर दुसऱ्याच कुणाकडे लागेल, म्हणजे प्रयत्न केला असं म्हणता येईल. चौथ्या घंटेला तिनं उचलला.

मी नाव सांगितलं. "पाळकांची नात," ती म्हणाली. "चादरीमागची." मी हो म्हटलं. आजी गेल्याचं तिला ठाऊक होतं. रविवारी दारावरून काळी गाडी गेली तेव्हाच कळलं म्हणाली. शहाऐंशी वर्षांची झालेय, गुडघे गेलेत, बाकी ठीक आहे. मी घाईघाईनं सांगून टाकलं, पत्रिका, तिसरी ओळ, दोन मिनिटं, तुम्ही बोलाल का. आणि ती काही म्हणायच्या आत म्हटलं, ते माझ्यामुळे झालं होतं. मी कार्डं पिसली होती. मी सांगितलं होतं.

"ठाऊक आहे मला. गावभर झालं होतं. नऊ वर्षांची होतीस तू." तिचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "तू पत्ते पिसलेस गं. माफी तिनं मागितली."

मी म्हटलं, तिचा नाइलाज होता, घर चर्चचं होतं. व्हर्लिन म्हणाली, ते मला कळत नाही का. मग तिनं सांगितलं की त्या दिवशी तिच्याही खिडक्या उघड्या होत्या. शेगडी पेटलेली, दुसऱ्या एका बाईचं डोकं हातात, आणि आजीचा आवाज अंगण ओलांडून सरळ आत आला. "एक घर, म्हणाली. अकरा वर्षं मी तिचे केस केले. माझं नाव तरी घ्यायचं. शिवी म्हणून घेतलं असतं तरी मला चाललं असतं. मग म्हटलं, येईल. लोक थंड झाले की कधीतरी कुंपणापाशी येईल, हाक मारेल. वर्षभर मी गुरुवारी तीनला कुणालाच वेळ दिली नाही."

त्या वर्षी इकडे आजी टोपी घालून बसत होती ते मी सांगितलं. इतकंच माझ्याकडे होतं द्यायला. ती म्हणाली, "तीनला?" मी म्हटलं, तीनला. मग ती मधेच म्हणाली, राणी मांडीखाली ठेवायची ती, मला दिसत नाही असं वाटायचं तिला. मी म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं? तर म्हणाली, आठवड्यातून एकदा कुठेतरी जिंकू दे की बिचारीला. आणि ती हसली, मीही हसले, आणि मला वाटलं, झालं, येईल ती.

"नाही येणार मी," ती म्हणाली. "त्याच लोकांपुढे उभी राहून काय सांगू? ज्यांनी हात वर केले त्यांना? दोन मिनिटांत?" मग तिनं विचारलं, "तूही केला होतास का?"

मी हो म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. आपटला नाही. ठेवला.

मी मागच्या खोलीत काचांच्या खोक्यावर बसून राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, पण ते आलं नाही. प्रुइटबाई मला दिसत होत्या, पांढऱ्या कपड्यांत, काठीशिवाय, माइकपाशी. खणखणीत. मैत्रीण म्हणून. त्या खोटं बोलतील असंही नाही; त्यांना मनापासून तसं वाटत असेल. आजी चर्चच्या दारात त्यांचा हात तीन अंक धरून उभी राहिली होती, त्यांच्या खोबऱ्याच्या केकचा तुकडा तिनं खाल्ला होता, त्यांना वाटणारच. माझं स्वतःचं नाव द्यावं असंही मनात आलं. त्याची मला इतकी लाज वाटली की मी उठून उभी राहिले. पुढे जाऊन मिस्टर हिगिन्सचा चष्मा पुरा केला, त्यांच्या कानांवर बसवला, नाकापाशी दाबून बघितला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, तुम्ही आज घरी जा. मी म्हटलं, आता एक फोन करायचाय.

चारला दहा कमी असताना आत्यानं पहिल्याच घंटेला उचलला. मी म्हटलं, ओळ छाप, नाव छापू नकोस. कोरी ठेव.

"कोरी? लोक म्हणतील छापखान्याची चूक आहे."

"म्हणू देत."

"आणि दोन मिनिटं? वादक विचारेल, काय वाजवू."

"काही नको. सगळ्यांनी बसायचं. दोन मिनिटं, नुसतं. प्रुइटबाईंनीसुद्धा." माझा आवाज चढला होता. आत्याशी मी कधी असं बोलत नाही, तिच्याशी कुणीच बोलत नाही. ती भडकेल म्हणून मी वाट पाहिली. तिकडे भांडी वाजत होती, कुणीतरी भाजीचं पातेलं कुठे ठेवू म्हणून विचारत होतं. आत्यानं त्या बाईला गोड आवाजात जागा सांगितली, आभार मानले, मग दार लावल्याचा आवाज आला आणि भांडी ऐकू येईनाशी झाली.

"तू व्हर्लिन बतिस्तला फोन केलास," ती म्हणाली.

मी म्हटलं, ती येणार नाही.

"मला माहीत होतं तू तिलाच करशील. माझ्यात हिंमत नव्हती." तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "मी त्या रविवारी आईच्या शेजारी बसले होते, डोरे. पंचवीस वर्षांची. लग्नाला चार महिने झाले होते, यांना नुकतं मदतनीस म्हणून नेमलं होतं. मला कळत होतं, पुढे ही जागा माझी आहे. ती उठून पुढे गेली तेव्हा तिची पर्स माझ्या मांडीवर होती. मी तेव्हाच ठरवलं, आपण तिथं कधी उभं राहायचं नाही. मी कुणाकडे गेलेच नाही. पहिल्यापासूनच नाही. त्यामुळे माझं काही तुटलं नाही बघ."

मी आत्याला खमकी समजत आले होते. तिचा धाक, तिचे हुकूम, तिच्या याद्या, सगळ्या घरानं तिच्या केलेल्या नकला. मी म्हटलं, आत्या. तिच्याकडे जाणारं-येणारं कुणी आहे का, कुणाला ती काही सांगते का, कुणापुढे बूट काढते का, हे मी कधी बघितलंच नव्हतं, आणि आता मनात तिची सगळी माणसं धुंडाळत होते, एकेक करून, आणि एकही नाव उभं राहत नव्हतं.

"कोरी छापते," आत्या म्हणाली. "शनिवारी मी बघते सगळे कसे बसत नाहीत ते. पण माझ्या वेळी तू ही ओळ काढूनच टाक, डोरे. दोन मिनिटं म्हणजे फार होतात."

मी तिला थांब म्हटलं. तिनं विचारलं, काय? दारावर कुणीतरी टकटक करत होतं. मी म्हटलं, काही नाही, आणि ती म्हणाली, चल मग, चार वाजले, छापखान्यात कळवते.